सॉफ्टवेअर बनवणारे ते स्वतः वापरतात का?

संध्याकाळची डोंबिवली फास्ट. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, आणि त्या फोनवर तुम्ही लाइटबिल भरताय. ग्राहक क्रमांक टाकला, रक्कम टाकली, बँक निवडली. ओटीपी आला म्हणून मेसेज उघडला, सहा आकडे घोकत परत ॲपवर आलात, तर फॉर्म कोरा. सगळं पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी हमखास तोंडातून निघतं, "ज्यांनी हे बनवलंय ते स्वतः कधी वापरतात तरी का?"

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते, ऐरोलीला. वैतागून विचारलेला हा प्रश्न आमच्या धंद्यातल्या फार महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक आहे, असं मला मनापासून वाटतं. सॉफ्टवेअर बनवत असतानाच बनवणाऱ्यांनी ते आपल्या रोजच्या कामासाठी वापरायचं, या पद्धतीला आमच्याकडे डॉगफूडिंग म्हणतात. नाव विचित्र आहे (शब्दशः, आपलंच बनवलेलं कुत्र्याचं खाणं आपणच खायचं), पण तेच रूढ झालंय. ही पद्धत नेमकी काय करते, कुठे कामाला येते आणि कुठे चक्क फसवते, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी त्या कोऱ्या फॉर्मचं बघू. फोनची रॅम, म्हणजे ॲप्स चालू ठेवायला लागणारी तात्पुरती मेमरी, मर्यादित असते. तुम्ही एका ॲपमधून दुसऱ्यात गेलात की पहिलं मागे जाऊन थांबतं, आणि रॅम कमी पडायला लागली की अँड्रॉइड मागे थांबलेली ॲप्स बंद करून जागा मोकळी करतं. यात काही बिघाड नाही, रचनाच तशी आहे. अर्धवट भरलेली माहिती जपून ठेवायची आणि माणूस परत आला की जशीच्या तशी दाखवायची, याची सोयही अँड्रॉइडने दिलेली आहे. ती वापरायचं काम मात्र ॲप लिहिणाऱ्याचं. (कार्डाचा नंबर किंवा पिन साठवू नये हे खरं, पण ग्राहक क्रमांक आणि रक्कम जपायला काय हरकत आहे?) तीन जीबी रॅमचा फोन, मागे व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि रेल्वेचं ॲप चालू, अशा वेळी बिलाचं ॲप बंद पडण्याची शक्यता चांगलीच असते.

मग डेव्हलपरला हे दिसलं कसं नाही? त्याच्या टेबलाशी जाऊन बसलं की उत्तर लगेच मिळतं. त्याचा टेस्टिंगचा फोन बारा जीबीचा, त्यात दुसरी ॲप्स जवळपास नाहीतच. फोन लॅपटॉपला जोडलेला, नेट ऑफिसच्या वायफायचं. आणि मुख्य म्हणजे टेस्टिंगच्या सर्व्हरवर बऱ्याचदा खरा ओटीपी येतच नाही. दर वेळी एसएमएसचा खर्च आणि खोळंबा नको म्हणून तिथे ओटीपी ठरलेला असतो, १२३४५६ सारखा. तो डेव्हलपरच्या बोटांना पाठ असतो. त्यामुळे मेसेज बघायला ॲपच्या बाहेर पडायची वेळ त्याच्यावर येतच नाही. तुम्ही ज्या वाटेवर ठेचकाळलात, त्या वाटेने तो कधी गेलेलाच नसतो. तक्रार घेऊन गेलं की "माझ्याकडे तर होत नाहीये गं" असं उत्तर मिळतं, आणि ते प्रामाणिक असतं.

अँड्रॉइडमध्ये डेव्हलपरांसाठी 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' नावाची एक सेटिंग आहे. ती चालू केली की ॲपमधून बाहेर पडताक्षणी तो स्क्रीन मोडीत निघतो, म्हणजे माहिती जपली जातेय की नाही हे ऑफिसात बसल्या बसल्या, हवं तेव्हा बघता येतं. पण ती चालू करायचं सुचायला आपला स्वतःचा फॉर्म कधीतरी कोरा झालेला असावा लागतो. त्याच डेव्हलपरने आपल्या घरचं लाइटबिल आपल्या फोनवरून, लाइव्ह ॲपवर, घरी जाताना भरलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्याने आधी हेच काम हातात घेतलं असतं.

मग टेस्टर कशाला असतात, असं कोणी विचारेल. टेस्टिंगमध्ये आम्ही आधी ठरवलेल्या गोष्टी तपासतो. चुकीचा पासवर्ड टाकला तर लॉगिन अडतं का, रक्कम शून्य टाकली तर काय होतं, बिल भरल्यावर पावती येते का. प्रत्येकाचं उत्तर पास किंवा फेल. हे काम लागतंच, त्याला पर्याय नाही. पण ती पावती शोधायला सहा स्क्रीन ओलांडावे लागतात, ही गोष्ट कुठल्याच टेस्टमध्ये फेल होत नाही. पावती येते, टेस्ट पास. त्या सहा स्क्रीनचा काच दर महिन्याला ते ओलांडणाऱ्यालाच कळतो. शिवाय टेस्टिंगच्या खात्यात दोन-चार बिलं असतात. खऱ्या माणसाच्या खात्यात काही वर्षांची साठलेली असतात, मध्ये घर बदललेलं असतं, भाड्याने दिलेल्या खोलीचं मीटर वेगळं असतं. टेस्टिंगचं खातं मात्र बहुतेक वेळा कालच उघडलेलं असतं.

ज्याचं जळतं त्याला कळतं, हे आपण म्हणतोच. सॉफ्टवेअरमध्ये अडचण अशी की ज्याचं जळतं तो एकीकडे आणि विझवणारा भलतीकडेच. ग्राहक कॉल सेंटरला फोन करतो, तिथे तक्रारीची नोंद, म्हणजे तिकीट, तयार होतं, ते प्रॉडक्ट मॅनेजरकडे जातं, तो त्याचा प्राधान्यक्रम ठरवतो, मग कधीतरी ते डेव्हलपरच्या यादीत येतं. तोवर त्या लोकलमधल्या वैतागाचं "युजरला फॉर्म भरताना अडचण" एवढंच उरलेलं असतं. डॉगफूडिंगचा खरा उपयोग मला इथे दिसतो. वैतागणारा आणि दुरुस्त करणारा एकच माणूस झाला की मधली सगळी साखळी गळून पडते.

हे महत्त्वाचं वाटण्याचं आणखी एक कारण आहे. बहुतेक लोक तक्रार करतच नाहीत. माझ्या ओळखीच्या कितीतरी मावशी-काका ॲप अडलं की "मला नाही बाई हे जमत" म्हणून फोन बाजूला ठेवतात आणि भाच्याची वाट बघतात. दोष ॲपचा असतो आणि कमीपणा ते स्वतःकडे घेतात. मला याचं फार वाईट वाटतं. ही माणसं कुठल्याही तक्रारींच्या आकडेवारीत दिसत नाहीत.

बनवणारा आणि वापरणारा जवळ आले की काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण १९७१ सालचं आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवत होते. आजचे अँड्रॉइड फोन, आयफोन आणि जगातले बहुतेक सर्व्हर ज्या परंपरेतून आले, तीच ही. त्यांना पीडीपी-११ हे नवीन संगणकाचं मशीन मिळालं होतं. त्यावर संस्थेच्या पेटंट विभागाला अर्ज टाइप करून नीट मांडून देणारी व्यवस्था बनवायची होती. १९७१ च्या उत्तरार्धात पेटंट विभागाच्या तीन टायपिस्ट दिवसभर त्याच मशीनवर अर्ज टाइप करत होत्या, आणि त्याच वेळी, त्याच मशीनवर, थॉम्प्सन-रिची मंडळी सिस्टिम लिहीत होती. त्या मशीनला मेमरीचं संरक्षण नव्हतं. म्हणजे एका प्रोग्रामची चूक दुसऱ्याच्या जागेत घुसून सगळं मशीन बंद पाडू शकत होती. नवीन प्रोग्राम चालवून बघायचा तर शेजारच्या टायपिस्टचं काम वाया जाण्याचा धोका. डिस्क जेमतेम अर्ध्या एमबीची, त्यामुळे दर काही तासांनी टाइप झालेला मजकूर टेपवर उतरवून ठेवावा लागे. रिचींनी पुढे लिहिलेल्या आठवणींत हे सगळं आहे. मशीन बंद पडलं तर तक्रार फॉर्मवर येणार नव्हती, ती शेजारून मान वळवून येणार होती. पेटंट विभागाचं काम यशस्वी झालं आणि युनिक्सला संस्थेत मान मिळाला.

पुढच्या काळात काही कंपन्यांनी हे ठरवून करायला सुरुवात केली. फेब्रुवारी १९८० मध्ये ॲपलचे अध्यक्ष माइक स्कॉट यांनी फतवा काढला की कंपनीत यापुढे टाइपरायटर विकत किंवा भाड्याने घ्यायचा नाही. टाइपरायटरचे दिवस संपले हे आधी आपल्या ऑफिसात सिद्ध करू, मग गिऱ्हाइकाला पटवू, असा त्याचा आशय होता. १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉल मारिट्झ यांनी लॅन मॅनेजर या नेटवर्कच्या सॉफ्टवेअरबाबत एका सहकाऱ्याला ईमेल लिहिला, की हे आपण आपल्याच कंपनीत जास्त वापरायला हवं. ईमेलचा विषयच होता 'ईटिंग अवर ओन डॉगफूड'. डॉगफूडिंग हा शब्द आमच्या धंद्यात पसरला तो तिथून. काही वर्षांत विंडोज एनटी बनवताना डेव्ह कटलर यांनी टीमला अर्धवट तयार झालेल्या एनटीवरच काम करायला लावलं. रोज नवीन बिल्ड, म्हणजे त्या दिवसापर्यंतच्या कोडपासून तयार केलेली आवृत्ती, आणि तेच आपल्या मशीनवर. कोणी गचाळ कोड घातला तर झळ दुसऱ्या दिवशी शेजारच्या केबिनपर्यंत पोचायची. जुलै १९९३ मध्ये एनटी बाजारात आलं, आणि आजचं विंडोज त्याच पायावर उभं आहे.

डेव्हलपरांच्या हत्यारांच्या बाबतीत तर हे जवळजवळ आपोआप घडतं. एप्रिल २००५ मध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांना कोड सांभाळायला मिळालेल्या बिटकीपर या साधनाची फुकट परवानगी बंद झाली. लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला नवीन साधन लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलला त्या साधनाचा स्वतःचा कोड त्याच साधनात ठेवला जाऊ लागला. चार दिवसांत! ते म्हणजे गिट, जे आज ऐरोलीपासून अंधेरीपर्यंतच्या कुठल्याही सॉफ्टवेअर ऑफिसात रोज चालतं. गिट भराभर सुधारलं, कारण ते लिहिणाऱ्यांची पोटापाण्याची कामंच त्यावर होत होती.

आपल्या मुंबईतही असं एक उदाहरण आहे. सचिन टेके यांनी २०१० मध्ये आणलेलं एम-इंडिकेटर लोकलने जाणाऱ्या कितीतरी लोकांच्या फोनमध्ये असतं. नेट नसतानाही त्यात लोकलचं वेळापत्रक दिसतं. गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर उभं राहून गाडी शोधणाऱ्याला ही सोय किती मोलाची आहे, ते वेगळं सांगायला नको.

आता फसवी बाजू. इथे थोडं थांबायला हवं, कारण "आम्ही आमचं प्रॉडक्ट स्वतः वापरतो" हे वाक्य हल्ली फार अभिमानाने सांगितलं जातं आणि ऐकणारा लगेच विश्वास ठेवतो.

९ फेब्रुवारी २०१० ला गूगलने जीमेलमध्ये बझ नावाची सोय आणली. मित्रांशी फोटो, विचार वगैरे वाटून घ्यायची जागा. ती बाहेर येण्याआधी गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी आत वापरली होती आणि त्यांना आवडलीही होती. तुम्ही ज्यांना सगळ्यात जास्त ईमेल करता, त्यांच्याशी बझ तुम्हाला आपोआप जोडून देत असे, आणि प्रोफाइल तयार करताना तुम्ही स्वतःहून नको म्हटलं नाहीत तर ती यादी सगळ्यांना दिसत असे. गूगलच्या आत यात काही वावगं नव्हतं. तिथे जास्तीत जास्त ईमेल सहकाऱ्यांना जातात, आणि आपण कोणाबरोबर काम करतो हे सगळ्यांना माहीतच असतं. बाहेरच्या माणसाच्या ईमेलमध्ये मात्र डॉक्टर असतो, वकील असतो, घटस्फोटित नवरा असतो, नोकरी बदलण्यासाठी गुपचूप संपर्कात असलेली दुसरी कंपनी असते. एका रात्रीत या याद्या उघड्या पडल्या. गूगलने काही दिवसांतच सेटिंग्ज बदलल्या, माफी मागितली, खटले झाले. २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून पुढची २० वर्षं खासगीपणाची बाहेरून तपासणी मान्य करावी लागली. बझही त्याच वर्षी गुंडाळण्यात आलं.

म्हणजे वापर झाला होता, मनापासून झाला होता, आणि तरी सगळ्यात मोठी चूक हजारो हुशार माणसांच्या नजरेतून सुटली. कारण वापरणारे सगळे एकाच प्रकारचं आयुष्य जगत होते. डॉगफूडिंग तुमच्या आयुष्यात जे घडतं तेवढंच पकडतं. जे तुमच्या आयुष्यात नाही, ते तुम्ही कितीही वर्षं ॲप वापरलंत तरी दिसणार नाही.

फेसबुकला हे हळूहळू उमगलं. त्यांचे बहुतेक लोक आयफोन वापरत होते आणि जगातले बहुतेक लोक अँड्रॉइड. २०१२ मध्ये त्यांनी आपल्या ऑफिसात पोस्टर लावून कर्मचाऱ्यांना अँड्रॉइड फोन घ्यायला सांगितलं. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून २०१५ मध्ये त्यांचे प्रॉडक्टप्रमुख ख्रिस कॉक्स यांनी आपल्या टीममधल्या बऱ्याच जणांना अँड्रॉइड सक्तीचा केला. त्याच ऑक्टोबरमध्ये 'टूजी ट्यूसडे' सुरू झालं. मंगळवारी ॲप उघडलं की कर्मचाऱ्याला विचारलं जाई, तासभर टूजीच्या वेगाने वापरून बघणार का? भारतासारख्या देशांत फेसबुक कसं उघडतं हे कॅलिफोर्नियात बसून अनुभवायची ही युक्ती होती. मला ती मनापासून पटते. प्रॉडक्ट तेच ठेवून परिस्थिती बदलायची.

दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. आपल्याला जे माहीत आहे ते माहीत नसल्यासारखं वागता येत नाही. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. डेव्हलपरचं असंच होतं. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमागे काय आहे, हे त्याला पाठ असतं. कुठलं बटण दोनदा दाबलं तर गोंधळ होतो हेही त्याला माहीत असतं, म्हणून तो ते दोनदा दाबत नाही. रोजच्या वापराने चुका दिसतात, तशीच त्यांची सवयही होते. म्हणून काही टीम नवीन रुजू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कोड लिहायच्या आधी फक्त ॲप वापरायला लावतात आणि जे जे खटकेल ते लिहून काढायला सांगतात. त्याची नजर थोडेच दिवस ताजी असते, तेवढ्यात ते उरकावं लागतं.

आणि काही सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला वापरताच येत नाही. केईएममधल्या केसपेपरच्या खिडकीवरचं, बँकेच्या काउंटरवरचं, कोर्टाच्या कारकुनाचं. डेव्हलपर काही रांगेतल्या पेशंटची नोंद करायला बसणार नाही. तिथे एकच उपाय आहे, त्या खिडकीमागे जाऊन स्टूलवर बसायचं आणि गप्प राहून बघायचं. गप्प राहणं सगळ्यात अवघड. समोरचा चुकीचं बटण दाबायला लागला की "नाही, ते नाही, इकडे" असं आपल्या तोंडून निघतंच, आणि जे बघायला आलो तेच हातचं जातं.

मराठीच्या बाबतीत तर हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. आमच्या टीममध्ये मराठी माणसं भरपूर आहेत. पण त्यांचे फोन बघा, सगळे इंग्रजीत. ॲपमध्ये मराठीचा पर्याय आहे, भाषांतर करून घेतलेलं आहे, टेस्टिंगमध्ये मराठी निवडलं की मराठी अक्षरं दिसतात, टेस्ट पास. ते मराठीत रोज वापरणारा टीममध्ये एकही नाही. मराठी येणं वेगळं आणि फोन मराठीत वापरणं वेगळं.

आम्ही मग ठरवून एक आठवडा काही जणांना तीन जीबीचे फोन दिले, वायफाय बंद, भाषा मराठी, आणि सांगितलं की घरची खरी बिलं यावरूनच भरा, ओटीपी खरा येईल. पहिल्याच दिवशी दिसलं की ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने पक्की केलेली होती, त्यामुळे 'कीर्ती'चा रफार आणि वेलांटीचा वरचा भाग कापला जात होता. 'पुढे जा' बटणावर 'पुढे' वर आणि 'जा' खाली पडून अर्धा दिसेनासा झाला होता. नावाच्या रकान्यात वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव मावत नव्हतं. रकमेच्या रकान्यात मराठी कीबोर्डवरून ५०० टाकलं तर ॲप "योग्य रक्कम टाका" म्हणत होतं, कारण कोड फक्त इंग्रजी आकडे ओळखत होता. यातली एकही गोष्ट ग्राहकांच्या तक्रारींत आलेली नव्हती. ज्यांना त्रास होत होता, त्यांनी बहुधा भाषा बदलून इंग्रजी केली असावी, नाहीतर भाच्याला बोलावलं असावं.

मराठी आकड्यांची दुरुस्ती एका डेव्हलपरने त्याच संध्याकाळी केली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. त्याच्या सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा राहिला होता.